चालता पट्टा, उभा माणूस



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून राजांचा, संतांचा आणि ग्रंथांचा इतिहास आपण नेहमी ऐकता. आज आम्ही एका पट्ट्याचा इतिहास सांगणार आहोत. हा पट्टा कारखान्यात असतो, बहुधा माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर असतो, आणि सावकाश पण न थांबता पुढे सरकत असतो. इंग्रजीत त्याला असेंब्ली लाइन म्हणतात, पुस्तकी मराठीत जुळणीची साखळी म्हणतात, पण वाळूजला किंवा चाकणला पोटासाठी गेलेला लोहा-कंधारचा किंवा औसा-निलंग्याचा मुलगा घरी फोन करून एवढेच सांगतो, “आई, मला लाइनवर टाकलंय.” आईला वाटते, मुलगा मार्गी लागला. तो मार्गी लागलेला असतो हे खरेच. पण तो मार्ग कोणी आखला, त्यावरून किती वेगाने चालायचे हे कोण ठरवतो, आणि चालता चालता दम लागला तर थांबण्याची काही सोय आहे की नाही, हे त्या माउलीला कोणी सांगितलेले नसते. या तीन प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी आज थोडे मागे जायचे आहे.

प्रथम ही लाइन म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. आपल्याकडची लग्नातली पंगत डोळ्यांपुढे आणा. किंवा नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातील लंगर आठवा. जेवणारा एका जागी बसलेला असतो आणि वाढपी फिरत असतात. एकाच्या हाती मीठ-लिंबू, दुसऱ्याच्या हाती भाजी, तिसऱ्याच्या हाती वरण. म्हणजे कामाची वाटणी येथेही झालेलीच आहे. वाढपी दमला तर क्षणभर खांबाला टेकतो, ओळखीचा पाहुणा दिसला तर दोन शब्द बोलतो, आणि पुन्हा निघतो. आता हीच पंगत उलटी करा. वाढप्यांना एका रांगेत उभे करा, जागा सोडायची नाही अशी ताकीद द्या, आणि ताटे एका सरकत्या पट्ट्यावर ठेवून त्यांच्यापुढून न्या. ताट समोर आले की एकाने मीठ टाकायचे, दोन हात पुढे सरकले की दुसऱ्याने भाजी. पदार्थ तेच, वाढपी तेच, ताटेही तीच. परंतु पहिल्या पंगतीचा वेग वाढप्याच्या पायांत होता. दुसरीचा वेग पट्टा फिरविणाऱ्या यंत्राच्या कळीत गेला. आमच्या आजच्या सगळ्या सांगण्याचे सार एवढ्यात आहे.

ही कल्पना एका दिवशी एका डोक्यात आली असे नाही. तिला दोन जुनी मुळे आहेत. पहिले मूळ एकसारख्या सुट्या भागांचे. आपल्या गावचा सुतार बैलगाडीचे चाक करी ते त्याच गाडीला बसे. दुसऱ्या गाडीला लावायचे तर तासून-ठोकून घ्यावे लागे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील बंदुकांच्या आणि पुढे शिवणयंत्रांच्या कारखान्यांनी हजारो भाग एकाच मापाचे करण्याची खटपट चालविली. कोणताही भाग कोणत्याही यंत्राला बसू लागला, तेव्हा जुळणी करताना कानशीने घासत बसण्याचे कारण उरले नाही. आणि घासणाऱ्या कसबी कारागिराची गरजही कमी झाली.

दुसरे मूळ सरकत्या मालाचे. लातूरची डाळ मिल ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. तूर एका टोकाला पडते, पट्ट्याला लावलेले लहान डबे तिला वर उचलतात, ती चाळण्यांवर उतरते, साल निघते, डाळ होते. मधले वाळवणीचे काम सोडले तर दाण्याला डोक्यावरून वाहून न्यावे लागत नाही. ही युक्ती अमेरिकेतील ऑलिव्हर इव्हान्स याने अठराव्या शतकाच्या अखेरीस पिठाच्या गिरणीत बसविली होती. पुढे शिकागोच्या खाटिकखान्यांत जनावर वरच्या रुळाला टांगून एकेका कामगारापुढून नेत आणि प्रत्येक जण ठरलेला एकच काप घेई. तेथे वस्तू मोडण्याची साखळी होती. ती उलटी फिरविली की वस्तू जोडण्याची साखळी होते, हे मोटारवाल्यांनी ओळखले.

ते ओळखणाऱ्यांत हेन्री फोर्डचा कारखाना पुढे होता. फोर्डने १९०८ साली ‘मॉडेल टी’ नावाची साधी, टिकाऊ मोटार काढली आणि १९१० साली डेट्रॉइटजवळ हायलंड पार्क येथे नवा कारखाना सुरू केला. तेथे आरंभी आपल्या पंगतीचीच पद्धत होती: मोटारींचे सांगाडे ओळीने उभे, आणि कामगारांच्या टोळ्या एकाकडून दुसऱ्याकडे जाणार. १९१३ च्या एप्रिल महिन्यात इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटो नावाच्या भागावर पहिला प्रयोग झाला. एक कामगार तो भाग सुमारे २० मिनिटांत जुळवीत असे. ते काम २९ तुकड्यांत वाटले आणि भाग हाताहाती पुढे सरकू लागला, तेव्हा एका मॅग्नेटोला माणसाची १३ मिनिटे लागू लागली. मग मांडणी उंच केली, म्हणजे वाकणे वाचले; साखळी यंत्राने ओढली; शेवटी ५ मिनिटे पुरली. त्याच वर्षी हा प्रयोग सबंध मोटारीच्या सांगाड्यावर झाला. ज्या जुळणीला साडेबारा तास लागत, ती १९१४ च्या आरंभी ९३ मिनिटांवर आली.

साडेबारा तासांची ९३ मिनिटे! इतिहासात असे आकडे क्वचितच भेटतात. मोटारीची किंमत १९०८ साली ८५० डॉलर होती, ती १९२५ च्या सुमारास ३०० डॉलरांच्याही खाली उतरली. १९२७ साली हे मॉडेल बंद झाले तोवर दीड कोटी गाड्या रस्त्यावर आल्या होत्या. ज्या वस्तू श्रीमंताच्या दारात शोभेसाठी असत त्या शेतकऱ्याच्या अंगणात आल्या, त्या या पद्धतीने. आम्ही कामगार चळवळीतली माणसे असलो तरी हे नाकारीत नाही. आज आपल्या घरातले शिवणयंत्र, पंखा, फटफटी आणि हातातला फोन सामान्य माणसाला परवडतो, त्यात या साखळीचा मोठा वाटा आहे.

पण जमाखर्चाच्या वहीला दुसरी बाजू असते. १९१३ साली फोर्डच्या कारखान्यातून माणसे पळू लागली. सुमारे १४ हजार माणसे कामावर टिकविण्यासाठी वर्षभरात ५० हजारांहून अधिक माणसे भरती करावी लागली. त्यांना कोणी मारीत नव्हते, उपाशी ठेवीत नव्हते. एकच नट, दिवसभर, पट्ट्याच्या तालावर आवळण्याचे काम माणसाला सोसवत नव्हते, एवढेच. १९१४ च्या ५ जानेवारीला फोर्डने जाहीर केले की, दिवसाला पाच डॉलर पगार मिळेल आणि कामाचे तास नवाचे आठ होतील. पगार जवळजवळ दुप्पट झाला. जगभर वाहवा झाली. कारखान्याच्या दारात एवढी गर्दी उसळली की तिला पांगविण्यासाठी पाण्याचे फवारे मारावे लागले. या औदार्याची अट मात्र पुष्कळांना ठाऊक नसते: कंपनीचे लोक कामगाराच्या घरी जाऊन तो दारू पितो काय, पैसे साठवतो काय, घर नीटनेटके ठेवतो काय, हे तपासत; आणि पसंत पडला तरच पुरा पगार हाती येई. आणि संघटना? ती फोर्डने १९४१ सालापर्यंत मान्य केली नाही.

येथे आम्हांस आपले लक्ष एका बारकाव्याकडे वेधायचे आहे. जगातल्या कामगारांचा पहिला झगडा तासांसाठी झाला, आणि त्यात महाराष्ट्राचा मान मोठा आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केले आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून दिली. पुढे कायद्याने गिरणीतील प्रौढ पुरुषाचा दिवस १९११ साली १२ तासांवर, १९२२ साली ११ तासांवर, १९३४ साली १० तासांवर आणला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात मध्यवर्ती सरकारात मजूर खाते सांभाळीत होते. १९४६ च्या दुरुस्तीने आठवडा ४८ तासांचा झाला, आणि १९४८ च्या कारखाने कायद्याने तो पक्का केला. सहा दशकांच्या या लढ्यात कामगाराने घड्याळाचा मोठा काटा नव्हे, छोटा काटा जिंकला. कारण तासात काय करून घ्यायचे, यावर १९४८ च्या त्या कायद्यात मर्यादा नव्हती. आणि संसदेने २०२० साली संमत केलेल्या नव्या श्रमसंहितेतही तास मोजलेले आहेत, वेग मोजलेला नाही. आपण तास जिंकले, पण मिनिटे मालकाच्या हाती राहिली. आणि चालता पट्टा हे मिनिटांवर राज्य करण्याचेच यंत्र आहे.

हा प्रश्न मुंबईत पुढे आला तो १९२८ साली. त्या वर्षी मुंबईत दोन घटना घडल्या. त्यांतली एक सर्वांना ठाऊक आहे, दुसरी फारशी कोणाच्या ध्यानात नाही.

पहिली घटना गिरणी कामगारांचा ऐतिहासिक संप. २६ एप्रिलला तो सुरू झाला आणि ६ ऑक्टोबरला मिटला. सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते. कारण काय? मालकांनी ‘कार्यक्षमता’ या गोड नावाखाली विणकराला दोन मागांऐवजी तीन माग आणि कताईखात्यात साच्याच्या एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळायला सांगितल्या. तास वाढले नव्हते. तासात मावणारे काम वाढले होते. ना. म. जोशी यांची जुनी संघटना आणि डांगे-निंबकर-मिरजकर यांची लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन यांनी मिळून तो संप लढविला. त्याच सुमारास डॉ. आंबेडकरांनी आणखी एक गोष्ट लावून धरली. धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. त्यामुळे विटाळ होतो म्हणून अस्पृश्य कामगाराला अधिक पगाराच्या विणाईखात्यात शिरू देत नसत. यंत्राच्या वेगाविरुद्ध लढणाऱ्यांनी आपल्यातल्या या भिंतीविरुद्धही लढले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. आजच्या लाइनवरच्या पान्याला विटाळ होत नाही, ही तिची जमेची बाजू आम्ही मोकळेपणाने मांडतो. पण लाइनपर्यंत पोचविणाऱ्या ओळखीपाळखीला आणि कंत्राटदाराच्या यादीला जात चिकटलेली असते, तिचा हिशेब अजून व्हायचा आहे.

दुसरी घटना अशी की, त्याच १९२८ साली मुंबईत शिवडीला अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीने मोटारींच्या जुळणीचा कारखाना सुरू केला. परदेशातून पेट्या भरून सुटे भाग यायचे आणि ते येथे जोडून मोटार बाहेर पडायची. हिंदुस्थानात मोटारींची जुळणी अशी कारखान्यात होऊ लागली ती येथून. एकीकडे परळ-लालबागला विणकर म्हणत होता, “तिसरा माग नको”. आणि तेथून हाकेच्या अंतरावर जे यंत्र बसत होते त्यात माग किती हा प्रश्नच उरला नव्हता, कारण तेथे माणूसच पट्ट्याला जोडलेला होता.

भाग परदेशी आणि फक्त जोडणारे हात आपले, ही अवस्था पुष्कळांना खटकत होती. आपल्या शेजारच्या सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली पहिली गाडी बाहेर काढली. १९५३ साली जकात आयोगाने ठरविले की, जे गाडी येथे घडविण्याचा कार्यक्रम हाती घेतील त्यांनाच या धंद्यात राहता येईल. तेव्हा नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्या १९५४ च्या सुमारास निघून गेल्या. पुढची साडेतीन दशके आपल्याकडच्या लाइनचा वेग दिल्लीच्या परवान्याने ठरे. किती गाड्या काढायच्या हे सरकार सांगे. स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. मुलीच्या लग्नात द्यायची म्हणून ती जन्मली तेव्हाच नोंदणी केली, असा विनोद त्या काळी घरोघर ऐकू येई. ग्राहकाचे त्यात हाल झाले, हे उघड आहे. पण वेगाला बाहेरून लगाम होता, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या अनेक लाइनवर कायम कामगार उभा राहिला, त्याची संघटना उभी राहिली आणि त्याच्या पगारावर गावाकडची भावंडे शिकली. १९९१ साली परवाने उठले आणि लगामही सुटला.

आता ज्या गोष्टीवर आमचा सर्वांत अधिक भर आहे तिच्याकडे वळू. साखळी कामगाराला बांधते हे खरे. परंतु साखळीची एक कडी अडली की सगळी साखळी अडते, हेही तितकेच खरे. शिवडीला ज्या कंपनीने कारखाना काढला, त्याच जनरल मोटर्सच्या अमेरिकेतील फ्लिंट शहरातल्या कामगारांना हे उमगले. १९३६ च्या ३० डिसेंबरला ते संपावर गेले. पण फाटकाबाहेर न येता आत, यंत्रांपाशीच बसून राहिले. बाहेर आलो तर आपल्या जागी दुसरी माणसे उभी करतील, हे त्यांना ठाऊक होते. मोटारीचे पत्रे दाबणारे साचे मोजक्याच ठिकाणी होते, त्यामुळे तेथले साचे थांबले तसे इतर शहरांतले कारखानेही थंडावले. ऐन हिवाळ्यात ४४ दिवस ते आत राहिले. कारखान्याची ऊब बंद केली, पोलिसांनी अश्रुधूर सोडला. बायकांनी खिडक्यांतून भाकरी पोचविल्या. १९३७ च्या ११ फेब्रुवारीला जगातल्या सर्वांत बलाढ्य मोटार कंपनीने त्यांच्या संघटनेशी करार केला. त्या कामगारांच्या तक्रारींत पगाराइतकाच, किंबहुना अधिक, बोलबाला होता तो लाइनच्या वाढत्या वेगाचा. चार्ली चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ हा चित्रपट त्याच १९३६ साली आला होता. पान्याने नट आवळता आवळता वेडावलेला तो माणूस पाहून जग हसले. फ्लिंटचा कामगार किती हसला असेल, आम्ही सांगू शकत नाही.

थांबण्याच्या अधिकाराची आणखी एक गोष्ट जपानातली आहे, आणि तिचा उगम मागात आहे, म्हणून कापडगिरणीच्या नांदेडला ती जवळची वाटावी. साकिची टोयोडा या जपानी कारागिराने १९२४ साली एक स्वयंचलित माग पूर्ण केला. त्याचा विशेष हा की धागा तुटला की माग आपोआप थांबे. खराब कापड विणत राहण्यापेक्षा थांबणे बरे, हे त्यामागचे साधे शहाणपण. १९२९ साली त्या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने विकत घेतले, आणि त्याच घराण्यातून पुढे टोयोटा मोटार कंपनी निघाली. युद्धानंतर तैइची ओनो या इंजिनिअरने मागाचे ते तत्त्व मोटारीच्या लाइनला लावले. लाइनच्या कडेने एक दोरी बांधली. कोणत्याही कामगाराला चूक दिसली तर त्याने दोरी ओढायची. दिवा लागतो, मुकादम धावत येतो आणि दुरुस्ती झाली नाही तर लाइन थांबते. फोर्डच्या साखळीत थांबविणे हा गुन्हा होता. येथे ते कर्तव्य ठरले. आणि गंमत अशी की, थांबण्याची परवानगी देणारा कारखानाच पुढे अमेरिकनांना भारी पडला, कारण त्याचा माल निर्दोष निघू लागला.

मात्र ही दोरी कामगाराच्या दमासाठी नव्हती, मालाच्या निर्दोषतेसाठी होती. सातोशी कामाता नावाच्या पत्रकाराने १९७२ साली टोयोटात हंगामी कामगार म्हणून काम केले आणि त्या अनुभवावर पुस्तक लिहिले. त्यात वेगाने पिळून निघालेल्या माणसांचे दर्शन आहे. मालात दोष आला तर लाइन थांबते. माणसात दोष आला तर माणूस बदलतात. दोरी आहे एवढ्यावर समाधान न मानता ती कोणत्या कारणासाठी ओढता येते, हे विचारले पाहिजे.

आता आपल्या मराठवाड्यात येऊ. आपल्याकडे जुना कारखाना म्हणजे नांदेडची उस्मानशाही मिल. निजामाच्या राजवटीत, त्याच्याच नावाने ती उभी राहिली. १९७४ साली आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले त्यानंतर ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या छत्राखाली होती, आणि शेवटी बंद पडली. तिच्या भोंग्यावर शहराचे घड्याळ चाले. भोंगा म्हणजे तासांचे राज्य: वाजला की आत, वाजला की बाहेर. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना त्या वेळच्या औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूजला सुरू झाला, आणि मराठवाड्याच्या खेड्यातला तरुण प्रथमच मोठ्या संख्येने सेकंदांच्या राज्यात गेला. भोंगा गावाला ऐकू येई. सेकंद फक्त लाइनवरच्या माणसालाच ऐकू येतात.

त्या राज्यात दिवस कसा जातो, याचे एक उदाहरण देतो. एका कारखान्यात, त्याचे नाव घेण्याचे येथे प्रयोजन नाही, आम्ही मुलांबरोबर मागणीपत्रक लिहायला बसलो. पगारवाढीच्याही आधी त्यांनी आमच्याकडून पहिली ओळ लिहून घेतली: “रिलीव्हर पाहिजे.” रिलीव्हर म्हणजे कामगार लघवीला किंवा पाणी प्यायला गेला असता तेवढा वेळ त्याची जागा धरणारा माणूस. पूर्वी तो होता. खर्च कमी करायचा म्हणून काढून टाकला होता. तेव्हापासून पोरे ऐन उन्हाळ्यात पाणी कमी पीत होती. त्यांतला एक मुलगा आपल्याच भागातला, दिवसभर रानात पाळी घालणाऱ्या घरातला. तो म्हणाला, “साहेब, रानातलं काम याहून जड असतं, पण तिथं बैल थांबला की आपण बी थांबतो.” व्यवस्थापनाने आम्हांला हिशेब दाखविला की, एका माणसाचा वर्षाचा पगार किती होतो. आम्ही त्यांना विचारले, चाळीस माणसे तहानलेली राहतात त्याचा आकडा आपल्या वहीत कोणत्या रकान्यात लिहिता? चार महिन्यांनी रिलीव्हर परत आला. त्या करारात पगारवाढ बेताची होती. तरीही फाटकावर पेढे वाटले गेले.

या घटनेपासून आम्ही एक धडा घेतला आहे. आजच्या लाइनवर पुष्कळदा कायम कामगार, कंत्राटी कामगार आणि शिकाऊ उमेदवार एकाच पट्ट्यावर, एकच पाना घेऊन उभे असतात. पट्टा त्यांच्यात भेद करीत नाही, पगारपत्रक करते. कंत्राटी मजुरांच्या बाबतीतला कायदा १९७० साली झाला, तरी ही दरी बुजली नाही. ज्याची नोकरी सहा-सहा महिन्यांच्या मुदतीवर लटकते तो मुलगा वेगाविरुद्ध तोंड कसे उघडणार? म्हणून वेगाचा प्रश्न आणि कायम नोकरीचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न नव्हेत. थांबा म्हणण्याचे धैर्य त्यालाच असते, ज्याला उद्या पुन्हा आत येण्याची खात्री असते.

हे सारे आजच सांगण्याचे कारण लातूरच्या वेशीवर उभे आहे. ज्या लातूरला १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी आली, ज्या लातूरला २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच लातूरजवळ ३१ मार्च २०१८ रोजी मराठवाडा रेल्वे डबा कारखान्याची पायाभरणी झाली. २५ डिसेंबर २०२० रोजी तेथे डब्याचा पहिला सांगाडा तयार झाला. वंदे भारत शयनयान गाड्या बांधण्याचा मोठा करार २०२३ साली झाला. तो रेल विकास निगम आणि रशियाची ट्रान्समॅशहोल्डिंग यांच्या भागीदारीकडे आहे, आणि त्या कामासाठी हाच कारखाना ठरला आहे. रेल्वेचा डबा मोटारीसारखा मिनिटा-मिनिटाला बाहेर पडत नाही. तळाचा सांगाडा, दोन्ही भिंती, टोके आणि छप्पर वेगवेगळे बांधून एकत्र जोडतात, आणि मग डबा एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर सरकत जातो. वायरिंग, पाण्याचे नळ, आसने, रंग, तपासणी. साखळी येथेही आहे, पण तिच्या कड्या मोठ्या आणि तिची चाल मंद. जोडकाम करणाऱ्याच्या कसबाला तीत जागा आहे. म्हणूनच आम्हांला या कारखान्याकडून आशा आहे.

मात्र ती आशा पुरी होण्यासाठी लातूर-नांदेडच्या नागरिकांनी काही गोष्टी आतापासून विचारल्या पाहिजेत. किती लोकांना रोजगार मिळेल, हा प्रश्न सगळेच पुढारी विचारतात. आपण पुढे विचारावे: त्यांतले कायम किती? आपल्या आयटीआयमधून निघालेला मुलगा तेथे जोडकामाचे पूर्ण कसब शिकेल, की आयुष्यभर एकाच ठाण्यावर एकच टाका मारील? ठाण्यावरचा वेळ ठरविताना त्या ठाण्यावर उभ्या असलेल्या माणसाला कोणी विचारील काय? आणि काही चुकले, कोणी थकले, कोणाला इजा झाली, तर दोरी ओढायचा अधिकार त्याला असेल काय? हे प्रश्न युनियनवाल्यांचे आहेत असे समजून सोडून देऊ नका. त्या डब्यात झोपून प्रवास करणार आहात तुम्ही. घाईत मारलेला कच्चा टाका कामगाराला आणि प्रवाशाला सारखाच महाग पडतो.

श्रोतेहो, यंत्राशी आमचे वैर नाही. चालता पट्टा बंद करून पुन्हा बैलगाडीकडे जावे, असे सांगायला आम्ही येथे आलो नाही. शंभर वर्षांपूर्वी तास मोजण्याचा हक्क अशाच सामान्य माणसांनी मिळविला. त्यांतल्या पुष्कळांना लिहिता-वाचता येत नव्हते. मिनिटे मोजण्याचा हक्क मिळविण्याचे काम आपल्या पिढीकडे आले आहे, आणि आपल्याला तर लिहिता-वाचता येते. सुट्टीला घरी आलेल्या मुलाला पगार किती, हे जरूर विचारा. त्याबरोबर एवढेही विचारा, “बाळा, तुझ्या लाइनचा वेग कोण ठरवतो?” त्याला उत्तर ठाऊक नसेल, तर ते शोधायला त्याच्याबरोबर उभे राहा.